घोडे चालतील, माणसं नकोत

तर झालं असं. २०२३च्या जूनमधली गोष्ट. शुक्रवारी दुपारी ऑफिसच्या किचनमध्ये चहा करता करता मी सहज म्हणालो की उद्या ॲपलबीला घोड्यांची जत्रा बघायला चाललोय. आमच्या टीममधला एक इंग्रज सहकारी, एरवी अतिशय सज्जन माणूस, शाकाहारी, पावसातसुद्धा सायकलने येणारा, हळूच म्हणाला, "पाकीट पुढच्या खिशात ठेव." संध्याकाळी लीड्समधल्या आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, कोणी येतंय का? पहिलं उत्तर : "वेडा आहेस का? जिप्सी लोक चोर असतात." दुसरं : "मुलांना नेऊ नकोस बाबा." आणि तिसरं मला सगळ्यात जास्त आवडलं : "अरे ते मूळचे आपलेच! भारतातून गेलेले! प्राउड!!"

प्राउडवाल्यांसकट कोणीही आलं नाही, हे सांगायला नकोच.

हा लेख या चार वाक्यांवरचा माझा राग आहे. घोडेही येतील मध्ये मध्ये, काळजी नसावी.

लीड्सहून कार्लाइलला जाणाऱ्या गाडीने दोन तासांच्या आसपास ॲपलबी येतं. वाटेत रिबलहेडचा चोवीस कमानींचा पूल लागतो, त्याचे फोटो काढून झाले की पुढे नुसत्या मेंढ्या. गाव कंब्रिया परगण्यात, ईडन नदीच्या वळणात वसलेलं, जेमतेम तीन हजार वस्तीचं. जूनच्या सुरुवातीला आठवडाभर इथे इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड, आयर्लंडमधून रोमानी जिप्सी आणि आयरिश ट्रॅव्हलर येतात. सुमारे दहा हजार ते, आणि त्यांना बघायला आलेले माझ्यासारखे तीसेक हजार. काही जण अजून घोडा जुंपलेल्या, गोल छताच्या लाकडी घरगाड्यांतून आठवडा आठवडा प्रवास करत येतात. बहुतेक जण अर्थातच ट्रकमागे चकचकीत कॅराव्हॅन लावून.

नदीकाठी द सँड्स नावाची मोकळी जागा आहे. तिथे पोरं घोड्यांच्या उघड्या पाठीवर बसून थेट पाण्यात जातात आणि भांडी घासायच्या लिक्विडने घोडे धुतात. हो, तेच हिरवं, आपल्या सिंकपाशी असतं ते. काळे-पांढरे ठिपक्यांचे, पायांवर झुपकेदार केस असलेले हे दणकट घोडे. धुऊन झाले की गावाबाहेरच्या रस्त्यावर, 'फ्लॅशिंग लेन'वर, त्यांना दोन चाकी हलक्या गाडीला जुंपून दौडवत न्यायचं. हा त्यांचा डेमो! गिऱ्हाईक रस्त्याच्या कडेला उभं राहून चाल बघतं, दात बघतं, पाय उचलून खूर बघतं आणि मग सौदा सुरू. तळहातावर तळहात आपटायचा, आकडा सांगायचा, समोरच्याने हात मागे घ्यायचा, तिसऱ्याच माणसाने दोघांचे हात धरून पुन्हा जवळ आणायचे. शेवटची टाळी बसली की व्यवहार पक्का. करारनामा नाही, ईमेल नाही, 'ॲज डिस्कस्ड' नाही. आमच्या क्लायंटबरोबर एवढं जमलं असतं तर माझी निम्मी मीटिंगं वाचली असती.

बाकी बाजारात खोगिरं, लगाम, कोंबड्या, पितळी दिवे आणि चिनी मातीची उंची भांडी. रॉयल क्राउन डर्बीच्या सोनेरी काठाच्या बशांचा या मंडळींना भारी सोस. घराला चाकं असली तरी बशी क्राउन डर्बीचीच हवी. आपल्या आज्यांनी तांब्या-पितळ्याची भांडी घासूनपुसून फळीवर मांडावीत ना, अगदी तसं.

आता एक गंमत. या जत्रेबद्दल कुठेही वाचा, हमखास लिहिलेलं असतं की राजा दुसऱ्या जेम्सने १६८५ साली सनद दिली, तेव्हापासून ही जत्रा भरते. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी कॉपी-पेस्ट केलं. (आमच्या धंद्यात याला कोड रीयूज म्हणतात.) स्थानिक इतिहास खणला गेला तेव्हा निघालं ते असं : ती सनद रीतसर दप्तरात चढण्याआधीच रद्द झाली होती. गावाची जुनी, व्हिटसनची जत्रा वेगळीच, ती १८८५ला बंद पडली. आजची जत्रा १७७५ साली सुरू झाली ती गॅलोज हिलवर. म्हणजे फाशीची टेकडी. ती तेव्हा गावाच्या हद्दीबाहेरची, कुंपण न पडलेली मोकळी जमीन होती. मेंढ्या-गुरं हाकत येणारे तिथे जमायचे, घोड्यांचे दलाल जमायचे. विसावं शतक उजाडेपर्यंत ती मुख्यतः जिप्सी-ट्रॅव्हलरांची जत्रा झाली होती. १९६०च्या दशकात ती बंद करायचा प्रयत्न झाला, तोही त्यांनी संघटित होऊन हाणून पाडला.

मला ही खरी गोष्ट सनदेपेक्षा कितीतरी आवडते. राजाने काही दिलेलं नाही. हद्दीबाहेर, जिथे माणसं लटकवायचे त्या टेकडीवर, कोणाच्या अध्यात ना मध्यात म्हणून ही माणसं जमली आणि जमत राहिली. आजही या जत्रेला आयोजक नाही, तिकीट नाही. पोलीस, कौन्सिल, प्राणिकल्याण संस्था आणि ट्रॅव्हलरांचे प्रतिनिधी यांचा एक समन्वय गट आहे, तो पाणी, संडास, वाहतूक बघतो. पण 'जत्रा भरवणारा' असा कोणी नाही. लोक येतात म्हणून ती भरते. २००१ला जनावरांच्या लाळ-खुरकताच्या साथीमुळे आणि २०२०ला कोविडमुळे भरली नाही, २०२१ला ऑगस्टमध्ये भरली.

बरं, आता आरोपपत्राकडे वळू. घाण करतात, चोऱ्या करतात, घोड्यांचे हाल करतात.

घाण होते. मी पाहिली. चाळीस हजार माणसं तीन हजारांच्या गावात आली की घाण होतेच. आमच्या लीड्सजवळ दर ऑगस्टमध्ये म्युझिक फेस्टिव्हल होतो. तो संपल्यावर मागे टाकून दिलेल्या तंबूंचं रान बघून या एकदा. चांगल्या घरची, कॉलेजात जाणारी पोरं तंबू तसेच सोडून घरी जातात. त्यावरून कोणी "विद्यार्थी ही जमातच तशी" असं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. तिथे तो कचरा असतो. इथे ती संस्कृती असते!

चोऱ्यांचंही तेच. एवढ्या गर्दीत काही अटका होतात, भांडणं होतात, दारू होते. पण 'ॲपलबीत इतक्या अटका' अशी बातमी देताना भाजकात चाळीस हजार टाकायचे की तीन हजार, हा पाचवीचा प्रश्न आहे. आणि माझ्या ऑफिसातले लोक, जे दोन टक्क्यांच्या एरर रेटसाठी एकमेकांचे गळे धरतात, ते इथे भागाकारच करत नाहीत.

घोड्यांचं मात्र मी उडवून लावणार नाही. २००७ साली लोकांदेखत एक घोडा नदीत बुडून मेला. उन्हात दमलेल्या जनावराला शायनिंग मारायला पुन्हा पुन्हा पळवणारी टवाळ पोरंही असतात, मी स्वतः दोन पाहिली. आरएसपीसीएचे लोक तिथे फिरत असतात, अडवतात, वेळ पडली तर खटले होतात. व्हायलाच हवेत. दोषी दिसला की धरा. पण बुडालेल्या घोड्यासाठी अख्खी जत्रा बंद करा म्हणणाऱ्यांना मी नम्रपणे ग्रँड नॅशनलची आठवण करून देतो. तिथे शर्यतीत घोडे मरतात आणि प्रेक्षक टोप्या घालून शॅम्पेन पितात.

आता मूळ मुद्दा. हे आरोप करणारे लोक मला एका अर्थाने कमी त्रासदायक वाटतात. जास्त राग येतो तो कौतुक करणाऱ्यांचा. नदीत घोडा, घोड्यावर उघडी पाठ, मागे इंद्रधनुष्य. क्लिक. लाइक. 'लाँग लिव्ह ट्रॅडिशन.' आठवडा संपला की या माणसांनी जायचं कुठे, हा प्रश्न त्या फोटोत येत नाही.

तो कायद्यात येतो, आणि फार जुना आहे. जिप्सी हा शब्दच मुळी चुकीतून आला. ते इजिप्तहून आले असा समज, म्हणून 'इजिप्शियन', त्याचं जिप्सी. १५३०ला आठव्या हेन्रीने इजिप्शियन्स ॲक्ट काढून त्यांना देशाबाहेर घालवायचं ठरवलं. १५५४च्या कायद्यात महिन्याभरात न गेल्यास मृत्युदंड होता. हे फार जुनं झालं म्हणता? बरं, १९६० घ्या. कॅराव्हॅन उभ्या करण्याच्या जागांवर परवाना आला आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुक्कामाच्या जागा बंद झाल्या. १९६८ला कायदा झाला की कौन्सिलांनी त्यांच्यासाठी तळ बांधलेच पाहिजेत. काही बांधले, पुष्कळांनी टाळले. १९९४ला ते बंधनच काढून टाकलं. आणि २०२२च्या पोलीस कायद्याने, राहण्याच्या उद्देशाने परक्या जमिनीवर एक जरी गाडी लावली, त्यातून मोठं नुकसान किंवा त्रास झाला किंवा 'होण्याची शक्यता' आहे, आणि सांगूनही हलला नाहीत, तर तो फौजदारी गुन्हा झाला. तीन महिन्यांपर्यंत कैद, अडीच हजार पौंडांपर्यंत दंड, आणि गाडी जप्त. गाडी म्हणजे घर, मंडळी. चुकीच्या जागी पार्किंग केलं म्हणून तुमचा टू बीएचके उचलून नेला, अशी कल्पना करा. याच कायद्यात एकदा हटवल्यावर बारा महिने तिथे परतायचं नाही असंही होतं. ते भेदभाव करणारं असल्याचं हायकोर्टाने मे २०२४मध्ये सांगितलं.

म्हणजे आधी उभं राहायची जागा काढून घ्यायची, आणि मग उभं राहणं हा गुन्हा करायचा. आमच्याकडे एखाद्या ज्युनिअरने असं लॉजिक लिहिलं असतं तर कोड रिव्ह्यूमध्ये मी त्याला डेडलॉक काय असतो ते तासभर समजावलं असतं.

यावर सुशिक्षित लोकांचं ठरलेलं उत्तर : मग सरळ घरात राहा ना. अहो, राहतातच! २०११च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये पहिल्यांदा 'जिप्सी किंवा आयरिश ट्रॅव्हलर' असा रकाना आला, तेव्हा त्यातले तीन चतुर्थांश लोक घरात नाहीतर फ्लॅटमध्ये राहत होते. काहींना तेच आवडतं. काहींना दुसरा पर्यायच राहिलेला नाही. आणि ज्यांनी स्वतःच्या पैशाने स्वतःची जमीन घेतली, त्यांनाही तिथे कॅराव्हॅन लावून राहायला प्लॅनिंगची परवानगी लागते. इथे खरी मजा आहे. जिप्सींसाठीच्या सवलतीच्या धोरणात बसायचं तर तुमची जीवनपद्धती 'भटकी' आहे हे तेव्हा सिद्ध करावं लागायचं. २००६ साली मेडस्टनच्या एका खटल्यात हा प्रश्न आला. माणूस रोमानी, घोडे पाळणारा, ॲपलबी, स्टो आणि न्यू फॉरेस्टच्या जत्रांना जाऊन घोड्यांची खरेदी-विक्री करणारा, वर्षातले दोनेक महिने त्यासाठी बाहेर असणारा. कोर्टाने मान्य केलं, हा कायद्याच्या दृष्टीने जिप्सी आहे. म्हणजे तुम्हा-आम्हाला जो फोटो काढायचा वीकेंड वाटतो, तो कोणासाठी तरी राहत्या घराचा पुरावा असतो!

पुढे २०१५ला सरकारने ही व्याख्या आणखी आवळली. आजारपणामुळे, म्हातारपणामुळे, पोरांच्या शाळेमुळे तुम्ही फिरणं कायमचं थांबवलंत, तर तुम्ही प्लॅनिंगच्या नियमांपुरते जिप्सी नाही. आज्जीच्या गुडघ्यांनी तिची जात बदलली. २०२२ला अपील कोर्टाने हे भेदभावाचं ठरवलं आणि डिसेंबर २०२३ला व्याख्या परत सुधारली. सात-आठ वर्षं मधल्या मध्ये गेली.

आता माझ्याबद्दल.

त्या शनिवारी दुपारी भूक लागली म्हणून गावातल्या एका पबात शिरलो. दारात एक धिप्पाड माणूस उभा. माझा सावळा रंग, घामेजलेला अवतार, बुटांना चिखल. त्याने विचारलं, तू जत्रेतला का? आणि माझ्या तोंडून विचार करायच्या आत निघालं, "नो नो, आय वर्क इन आयटी." त्याने हसून दार उघडलं. माझ्यामागे दोन पोरं होती, अठरा-एकोणीसची, मघाशी नदीवर पाहिलेली. त्यांना 'प्रायव्हेट फंक्शन' आहे असं सांगण्यात आलं. मी आत बसून फिश अँड चिप्स खाल्ले. कसलंही फंक्शन नव्हतं.

लंडनच्या एका पबवर 'नो ट्रॅव्हलर्स' अशी पाटी होती, त्यावरून १९८८ला अपील कोर्टाने जिप्सी हा वांशिक गट असल्याचा निर्णय दिला. आयरिश ट्रॅव्हलरांना तीच मान्यता २००० साली मिळाली. पाट्या बऱ्याच ठिकाणी उतरल्या, प्रायव्हेट फंक्शनं वाढली. आणि मग आमचं क्षेत्र मदतीला धावलं. मार्च २०२१मध्ये एका मोठ्या हॉलिडे पार्क कंपनीची अंतर्गत यादी बाहेर आली : 'नकोसे पाहुणे'. चाळीसेक आडनावं, मर्फी, गॅलघर, नोलन, ओब्रायन... या नावांनी बुकिंग आलं तर घेऊ नका. समानता आयोगाच्या चौकशीत २०२४ला हा बेकायदेशीर भेदभाव असल्याचं निघालं. पण यादी करून ती बुकिंगवर वापरायची कल्पना कोणाला तरी सुचली, कोणी तरी ती अमलात आणली, आणि संध्याकाळी तो माणूस घरी जाऊन शांतपणे जेवला असणार. आडनाव विचारून फ्लॅट नाकारणं पुण्या-मुंबईत ज्यांनी भोगलंय त्यांना हे समजवावं लागणार नाही. ज्यांनी नाकारलंय त्यांनाही.

म्हणून मला त्या 'प्राउड!!'ची चीड येते. भाषेचं नातं खरं आहे, शंकाच नाही. नदीकाठी एका म्हाताऱ्या रोमानी बाबांशी बोलत बसलो होतो. घोडा पाण्यात होता, ते म्हणाले 'पानी'. मी चमकलो. मग आमचा खेळच सुरू झाला. माझं एक, दोन, तीन, त्यांचं येक, दुई, ट्रिन. कानाला कान, सुरीला चुरी, मिठाला लोन (आपल्या लोणच्यातलं लोण). पोराला चावी किंवा चावो, म्हणजे आपला छावा! इंग्रजीत टपोरी पोरांना 'चाव' म्हणून हिणवतात, तो शब्दही बहुधा यातलाच, आणि मित्राला 'पाल' म्हणतात तो त्यांच्या 'फ्राल'मधून, म्हणजे भ्राता. घोडा मात्र आपला निघाला नाही. ते म्हणतात ग्राय, तो शब्द वाटेत आर्मेनियातून उचललेला. शिवाय जत्रेतले आयरिश ट्रॅव्हलर भारतातून आलेलेच नाहीत, त्यांचं मूळ आणि भाषा वेगळी. मग त्यांच्यासाठी प्राउड व्हायचं की नाही?

२०१६च्या फेब्रुवारीत दिल्लीत आंतरराष्ट्रीय रोमा परिषद झाली, तिथे तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी रोमांना भारताची लेकरं म्हटलं. छानच. पण जी लेकरं गेलीच नाहीत, इथेच राहिली, त्यांचं काय केलं आपण? १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा इंग्रजांनी केला खरा, सोलापूरला कुंपणाच्या वसाहतीत माणसं जन्मानेच गुन्हेगार म्हणून ठेवली खरी. १९५२ला तो रद्द झाला. 'उपरा' १९८०ला आलं, 'उचल्या' १९८७ला. आपण वाचलं, हळहळलो, पुरस्कार दिले, आणि पारधी दिसला की पोलिसांना फोन लावायचं चालू ठेवलं.

मी हे वरून बोलत नाहीये. २०१२ साली पुण्यात आमच्या सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटवर घिसाडी लोकांची पाच-सहा पालं पडली होती. ऐरण, भाता, उघड्यावर पोरं. सोसायटीत अर्ज फिरला : अस्वच्छता, चोरीची भीती, मुलांची सुरक्षितता. ॲपलबीच्या आरोपपत्राची मराठी आवृत्तीच, आता लक्षात येतंय. मजकूर इंग्रजीत नीट करून द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं ड्राफ्टिंग चांगलं. सही माझी तिसरी. दोन दिवसांत प्लॉट रिकामा झाला आणि कमिटीने आभाराचा मेल पाठवला. त्यात माझं नाव होतं.

त्याच आठवड्यात आईने त्यांच्याकडून खुरपं घेतलं होतं. बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी. अजून आहे ते, गंजलेलं नाही. गेल्या डिसेंबरात गेलो तेव्हा तिने विचारलं, ते लोक परत कधी आले नाहीत ना रे? मी म्हटलं, तिथे आता टॉवर आहे ना आई.